ऑड्री : एका नावाचा तेराशे वर्षांचा प्रवास

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्राम कार्यालयात एक आजीबाई आल्या. वय चौऱ्याऐंशी. सोबत नातू आणि नातसून, आणि नातसुनेच्या कडेवर दोन महिन्यांची पणती. बाप्तिस्म्याची तारीख ठरवावयाची होती. तारीख चुटकीसरशी ठरली. घोडे अडले ते नावापाशी. नातवाच्या मनात पणजीचेच नाव बाळाला द्यावयाचे होते. पणजीचे नाव ऑड्री. आणि विरोध होता तो खुद्द पणजीचाच.

"फादर, ते संताचे नाव नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे ना! माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी तेव्हाच्या फादरांनी माझ्या वडिलांना तसे स्पष्ट सांगितले होते. म्हणून तर माझ्या नावापुढे मारिया लागले. पोरीला एखाद्या संताचे नाव द्या."

आम्ही जुनी नोंदवही काढून पाहिली. १९४१ सालची नोंद. शाई फिकट झालेली, पण अक्षर वळणदार. नाव होते 'मारिया ऑड्री'. आजींचे म्हणणे खरे होते. त्या काळी चर्चचा १९१७ सालचा कायदा लागू होता. त्याच्या ७६१व्या कलमानुसार, आईवडील ख्रिस्ती नाव ठेवावयास तयार नसतील तर धर्मगुरूने त्यांनी ठेवलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे वहीत नोंदवावीत असा दंडक होता. १९८३च्या नव्या कायद्याने तो सैल केला. आता ८५५व्या कलमात एवढेच म्हटले आहे की ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव दिले जाऊ नये याची आईवडिलांनी, धर्ममातापित्यांनी आणि धर्मगुरूने काळजी घ्यावी. नातवाला आम्ही ते समजावून सांगितले आणि वर, आता कबूल करावयास हवे, आजींची री ओढली. "ऑड्री नावाची संत आमच्याही माहितीत नाही, पण त्यामुळे काही बिघडत नाही," असे आम्ही म्हणालो.

नातवाला ते पटले. आजींना पटले नाही. त्या जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ऐंशी वर्षे मी नुसत्या इंग्रजी नावाने वावरले म्हणायची." त्या वाक्याने आम्हांला रात्रभर अस्वस्थ केले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कपाटातील संतचरित्रांचा कोश काढला. 'ऑ'च्या वर्णात काही नव्हते. १९४१ सालच्या त्या धर्मगुरूंनीही बहुधा तेवढेच पाहिले असावे आणि कोश मिटला असावा. आम्हीही मिटणार होतो. पण २३ जूनच्या पानावर 'एथेलड्रेडा' नावाच्या एका राणीची नोंद दिसली आणि तिच्या शेजारी बारीक टाइपात लिहिले होते, 'म्हणजेच ऑड्री'. पुढचे दोन महिने फावल्या वेळात आम्ही या बाईच्या मागावर होतो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम नाव पाहू. सातव्या शतकातील इंग्लंडात जी सॅक्सन भाषा बोलली जात असे तिच्यात या नावाचा उच्चार साधारण 'एथेलथ्रिथ' असा होता. दोन शब्दांचा हा समास आहे. 'एथेल' म्हणजे कुलीन, थोर; 'थ्रिथ' म्हणजे बळ, सामर्थ्य. आपल्याकडे यशोधरा, भीमसेन अशी जोडनावे घडतात, अगदी तशीच घडण. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की दोन शब्द जोडून माणसाचे नाव घडविण्याची ही रीत संस्कृत, ग्रीक आणि जर्मानिक अशा एकाच कुळातील भाषांना वारशाने मिळाली आहे. यांतील 'एथेल' हा तुकडा पुढे एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र नाव बनला. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी एखादी एथेल मावशी असेलच. त्याचाच जर्मन भाऊबंद अ‍ॅडलेड या नावात आणि (झिजलेल्या रूपात) आल्बर्ट या नावातही आहे. 'थ्रिथ' हा तुकडा मिल्ड्रेडच्या शेवटी सापडतो आणि त्याचाच सगासोयरा गर्ट्रूडच्या शेवटी. मिल्ड्रेड म्हणजे सौम्य सामर्थ्य, गर्ट्रूड म्हणजे भाल्याचे सामर्थ्य. आमच्या ओळखीच्या एक गर्ट्रूडबाई आहेत. त्यांना हा अर्थ सांगितला तेव्हा त्यांच्या यजमानांनी लगेच मान डोलावली.

आता या नावाच्या स्त्रीकडे वळू. तिची हकीकत आपल्याला मुख्यतः संत बीड यांच्या ग्रंथातून कळते. हे बीड म्हणजे मराठवाड्यातले गाव नव्हे. उत्तर इंग्लंडातील जॅरोच्या मठात राहून ७३१ साली इंग्रज जनतेच्या चर्चचा इतिहास लिहून पूर्ण करणारे हे बेनेडिक्टीन परंपरेचे धर्मगुरू. १८९९ साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांना चर्चचे पंडित म्हणून घोषित केले. त्यांनी एथेलथ्रिथच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षांनी लिहिले, तेही तिला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या माणसांना विचारून. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार त्या शतकात क्वचितच मिळेल.

ती ईस्ट अँग्लिया या छोट्या राज्याची राजकन्या. तिच्या वडिलांचे नाव अ‍ॅना. पुरुषाचे नाव अ‍ॅना कसे, म्हणून इंग्रज वाचकाला नवल वाटते. आपल्याकडे घरोघरी अण्णा असल्यामुळे आपल्याला ते वाटू नये. हा अ‍ॅना राजा मोठा भाविक होता. ६५४च्या सुमारास मर्सियाचा राजा पेंडा याच्याशी झालेल्या लढाईत तो पडला. पेंडाने अखेरपर्यंत बाप्तिस्मा घेतला नव्हता. अ‍ॅनाच्या मुलींपैकी अनेकींना पुढे संत म्हणून मान मिळाला. थोरली सेक्सबर्ग केंटची राणी झाली, दुसरी एक फ्रान्समधील मठाची अध्यक्षा झाली.

एथेलथ्रिथचे लग्न टॉन्डबर्ट नावाच्या एका सरदाराशी लावण्यात आले. तो लवकरच वारला. मग ६६०च्या सुमारास तिचे दुसरे लग्न झाले, नॉर्थम्ब्रियाच्या राजपुत्राशी, एग्फ्रिथशी. तो तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा, ती त्याच्याहून वयाने बरीच मोठी. राजघराण्यांतील सोयरीक ती. वधूला किंवा वराला कोण विचारतो? तिने मात्र मनाशी वेगळेच ठरविले होते. देवाला वाहिलेले कौमार्य तिला टिकवावयाचे होते, आणि दोन लग्ने होऊनही ते तिने टिकविले असे बीड सांगतात. काही लोकांना याविषयी शंका होती. म्हणून बीडनी थेट बिशप विल्फ्रिड यांनाच विचारले. विल्फ्रिडनी सांगितले की राजाने आपल्याला जमिनी आणि पुष्कळ द्रव्य देऊ केले होते, कारण राणीचे मन वळवू शकेल असा माणूस आपणच, हे तो जाणून होता. बिशपांनी मन वळविले नाही. बारा वर्षांनंतर अखेर राजाने नाइलाजाने परवानगी दिली. राणीने कोल्डिंगहॅमच्या मठात, राजाची आत्या एब्बा हिच्या देखरेखीखाली, विल्फ्रिड यांच्या हातून पडदा घेतला.

येथे एक क्षण थांबावेसे वाटते. सेमिनरीत आम्हांला संतचरित्रे शिकविली गेली तेव्हा अशा प्रसंगी सारी सहानुभूती संताच्या वाट्याला जात असे. पुढे कित्येक वर्षे विवाहितांची सुखदुःखे ऐकल्यावर एग्फ्रिथची बाजूही दिसू लागते. पंधराव्या वर्षी लग्न, सत्ताविसाव्या वर्षापर्यंत वाट पाहणे, राज्याला वारस नाही, आणि ज्या बिशपावर विश्वास टाकला तो आतून राणीच्या बाजूचा! त्याने पुढे दुसरे लग्न केले आणि ६७८ साली विल्फ्रिड यांना राज्यातून घालवून दिले, याचे आश्चर्य वाटत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. त्या काळात राजकन्येचे शरीर हा दोन राज्यांमधील तहाचा कागद होता. 'माझ्या आयुष्याचे काय करावयाचे ते मी ठरवीन,' असे म्हणण्याची एकच वाट स्त्रीला मोकळी होती आणि ती मठाच्या दारातून जात होती. 'सामर्थ्य' हा तिच्या नावातला अर्धा भाग तिने असा खरा केला. दोघांनाही न्याय द्यावा एवढेच आमचे म्हणणे आहे.

बाराव्या शतकात ईलीच्या मठात जो ग्रंथ तयार झाला त्यात तिच्या पलायनाच्या अद्भुत कथा आल्या आहेत. राजाला पश्चात्ताप झाला आणि तो तिला परत न्यावयास निघाला. ती समुद्रकाठच्या एका सुळक्यावर चढली तेव्हा भरती आली आणि सात दिवस ओसरलीच नाही. वाटेत ती झोपली असता उशाशी रोवलेल्या काठीला पालवी फुटली. बीडना या कथा ठाऊक नाहीत. आम्ही त्या इतिहास म्हणून सांगत नाही; पण वसईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला सात दिवसांच्या भरतीची कल्पना आवडल्यावाचून राहत नाही.

६७३ साली ती आपल्या माहेरच्या मुलखात परतली आणि ईली येथे तिने मठ स्थापिला. ईली म्हणजे चहूबाजूंनी दलदल आणि मध्ये उंचवट्यासारखे बेट. या जागेचे नाव तेथे मुबलक सापडणाऱ्या 'ईल' माशांवरून पडले असे बीड लिहितात. ईल म्हणजे आपली वाम. तेव्हा या गावाला मराठीत वामबेट म्हणावयास हरकत नाही. या मठात पुरुष आणि स्त्रिया दोघांचेही संघ असत आणि दोहोंवर अधिकार मठाध्यक्षेचा असे. कालची राणी तेथे लोकरीचे जाडेभरडे कपडे घालू लागली. दिवसातून बहुधा एकदाच जेवण. पहाटेपूर्वीची प्रार्थना आटोपली की इतर भगिनी झोपावयास जात, ती मात्र उजाडेपर्यंत चर्चमध्येच असे. ऊन पाण्याची आंघोळ वर्षातून तीन मोठ्या सणांच्या आधीच: ईस्टर, पेन्टेकॉस्ट आणि प्रकटीकरण. आणि तेव्हाही आधी स्वतःच्या हातांनी इतर सगळ्यांना आंघोळ घालावयाची, मग सर्वांच्या शेवटी आपण. रोज आंघोळ करणाऱ्या आम्हां कोकणपट्टीच्या लोकांना यातले तप चटकन ध्यानात येणार नाही. पण राणीने दासींना आंघोळ घालणे म्हणजे काय, ते कोणालाही कळेल.

६७९ साली साथ आली. राणीच्या मानेवर, जबड्याखाली, मोठी गाठ आली. किनेफ्रिथ नावाच्या वैद्याने ती फोडली. दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी वेदना उलटल्या आणि ती गेली. या दुखण्याविषयी ती स्वतः काय म्हणत असे ते बीडनी नोंदविले आहे. तरुणपणी मी या गळ्यात सोन्यामोत्यांच्या माळांचा वायफळ भार वाहिला; आता त्यांच्या जागी ही लाल, जळजळती गाठ आली, देवाने माझे ओझे असे फेडून घेतले, अशा आशयाचे तिचे बोलणे होते. तिच्या इच्छेप्रमाणे तिला इतर भगिनींच्या रांगेत साध्या लाकडी पेटीत पुरण्यात आले.

यातील माळांचा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा. नियतीचा सारा खेळ पुढे त्याच माळांवर झाला आहे.

तिच्यामागून थोरली बहीण सेक्सबर्ग ईलीची मठाध्यक्षा झाली. सोळा वर्षांनी, ६९५ साली, बहिणीच्या अस्थी काढून चर्चच्या आत ठेवाव्यात असे तिने ठरविले. दलदलीच्या मुलखात मोठा दगड मिळेना म्हणून काही बंधू होडीतून निघाले आणि जवळच्या एका उजाड रोमन नगराच्या तटापाशी त्यांना झाकणासकट पांढऱ्या संगमरवराची सुरेख पेटी सापडली. कबर उघडली तेव्हा देह झोपल्यासारखा होता. वैद्य किनेफ्रिथ त्या वेळीही हजर होता. आपण जिथे चिरा दिला होता ती उघडी जखम भरून आली असून तेथे केवळ एक बारीक व्रण उरला आहे, अशी साक्ष त्याने दिली. बीडनी तिच्यावर एक लॅटिन स्तोत्रही रचले आणि ते आपल्या इतिहासग्रंथातच घातले. इतिहासकाराला असा मोह होणे आम्ही समजू शकतो.

नवव्या शतकात डेन लोकांच्या स्वाऱ्यांत तो मठ उद्ध्वस्त झाला. ९७० साली विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांनी तो बेनेडिक्टीन संन्याशांसाठी पुन्हा उभारला. आज दिसणाऱ्या भव्य कॅथेड्रलचे काम १०८३ साली सुरू झाले आणि ११०९ साली ईली धर्मप्रांत झाला. १३२२ साली मधला मनोरा कोसळला, तेव्हा त्याच्या जागी जो अष्टकोनी मनोरा बांधला त्याच्या खांबांवर राणीच्या आयुष्यातील प्रसंग कोरलेले आहेत: लग्न, पडदा, पालवी फुटलेली काठी, मृत्यू. मध्ययुगात या कबरीकडे यात्रेकरूंची रीघ लागे.

आणि यात्रेकरूंच्या तोंडी नाव झिजू लागले. धर्मगुरूंच्या लॅटिनमध्ये ती 'एथेलड्रेडा' होती. शेतकऱ्याच्या, नावाड्याच्या, भाजीवालीच्या तोंडी तिची 'ऑड्री' झाली. भाविक माणूस जिला रोज हाक मारतो तिचे नाव तो आपल्या जिभेला सोयीचे करून घेतो. वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरी कोळी बांधवांच्या तोंडी मोतमावली झाली, ती काही अनादराने नव्हे. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर विल्यम, रॉबर्ट, मटिल्डा अशा नावांच्या लाटेत जुनी सॅक्सन नावे बहुतेक बुडाली. एडवर्ड, एडमंड यांसारखी जी तगली ती प्रामुख्याने संतांच्या आधाराने. ऑड्री हे नावही ईलीच्या आसपास असेच जगले.

१७ ऑक्टोबर हा तिचे अवशेष चर्चमध्ये नेल्याचा दिवस. त्या सुमारास ईलीत मोठी जत्रा भरे. जत्रा म्हटली की मेणबत्त्या आल्या, खाऊ आला आणि बायकांच्या दागिन्यांची पाले आली. तेथे रेशमी फिती विकल्या जात, गळ्यात बांधावयाच्या. नाव पडले 'सेंट ऑड्रीज लेस'. गळ्यातील माळांचा जिने अंतकाळी पश्चात्ताप केला, तिच्याच नावाने गळ्यातील फितींचा बाजार भरावा! पहिल्या फिती चांगल्या रेशमाच्या असतीलही. पुढे मागणी वाढली, माल हलका झाला, रंग भडक झाले. त्याच वेळी जीभही आपले काम करीत होती. 'सेंट ऑड्री' भरभर म्हणून पाहा: सेंटॉड्री, टॉड्री. 'सेंट'चा शेवटचा 'ट' पुढच्या नावाला चिकटला आणि संतपद गळून पडले. लंडनमधील संत ओलाव यांच्या चर्चजवळच्या रस्त्याचे 'टूली स्ट्रीट' झाले ते याच रीतीने. आमच्या गोव्याच्या वाचकांना हे नवे नाही. सांव जुआंव म्हणजे संत जॉन, त्याचे 'सांजांव' केव्हा झाले ते कोणाला सांगता येईल? योगायोग असा की सांजांव २४ जूनला आणि ऑड्रीचा सण त्याच्या आदल्या दिवशी, २३ जूनला.

पण सांजांवच्या नशिबी आले नाही ते ऑड्रीच्या नशिबी आले. इंग्रजी भाषेत 'टॉड्री' या शब्दाचा अर्थच झाला स्वस्त, भपकेबाज, दिखाऊ. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल' या नाटकात एक खेडवळ मुलगी आपल्या प्रियकराला त्याने कबूल केलेल्या टॉड्री लेसची आठवण करून देते. तेथे अजून नुसत्या फितीचाच अर्थ आहे. त्यानंतरच्या काळात फीत गेली आणि हिणकसपणा तेवढा उरला. आज एखादा इंग्रज माणूस हा शब्द वापरतो तेव्हा लोकरीचे वस्त्र नेसलेली, गुडघ्यांवर रात्र काढणारी राणी त्याच्या स्वप्नातही येत नाही. कॉलेजात आम्ही हा शब्द कितीदा तरी वापरला असेल.

खुद्द नावाचीही घसरगुंडी झाली. त्याच शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट' नाटकात ऑड्री आहे, ती शेळ्या राखणारी, भोळसट, विदूषकाशी लग्न लावणारी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव अशा मुलीचे शोभत असे, एवढे यावरून दिसते. तोवर आठव्या हेन्रीच्या काळात ईलीचा मठ १५३९ साली बरखास्त झाला होता आणि १५४१ साली तेथील बिशपांच्याच हुकुमाने राणीची समाधी फोडण्यात आली होती. संगमरवरी पेटी गेली, अवशेष विखुरले. एक हात मात्र कोणी भाविकांनी लपवून ठेवला. तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा उजेडात आला आणि आज ईलीतील छोट्या कॅथलिक चर्चमध्ये आहे. लंडनमध्ये ईलीच्या बिशपांच्या वाड्याचे तेराव्या शतकातील चॅपेल अजून उभे आहे. १८७४ साली रोझ्मिनी संघाच्या धर्मगुरूंनी ते विकत घेतले आणि संत एथेलड्रेडाच्या नावाने तेथे पुन्हा कॅथलिक मिस्सा होऊ लागली.

विसाव्या शतकात इंग्रजी घराघरांतून जुनी नावे परत आली, त्यांत ऑड्रीही आली. १९२९ साली ब्रुसेल्समध्ये जन्मलेल्या आणि १९९३ साली वारलेल्या ऑड्री हेपबर्न या अभिनेत्रीने तर ते जगाच्या तोंडी घातले. गंमत अशी की १९५९च्या 'द नन्स स्टोरी' या चित्रपटात तिने धर्मभगिनीची भूमिका केली. पण त्या चित्रपटाच्या आधीच हे नाव आमच्याकडे पोहोचले होते. आजींचे १९४१चे उदाहरण समोर आहे.

ते कसे पोहोचले? १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अंमलात वसईच्या ख्रिस्ती घरांत पेद्रू, दुमिंग, मारिया, इनास ही नावे रुळली. पुढे मुंबईच्या इंग्रज कचेऱ्यांत, रेल्वेत आणि गोदीत आपली माणसे नोकरीस लागली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. समाजाच्या नावातच साहेबाच्या कंपनीची आठवण आली. मुलांची नावे मागे कशी राहतील? विल्फ्रेड, ऑसवल्ड, कथबर्ट, एडविन, हिल्डा, मिल्ड्रेड, ऑड्री! साहेबाची नक्कल म्हणून आमच्या पिढीने या नावांना नाके मुरडली आहेत. मुलांना मराठी नावे ठेवावीत असा आग्रह आम्ही प्रवचनांतून धरला आणि आजही धरतो. पण बीडचा ग्रंथ उघडला आणि आम्ही चपापलो. ऑसवल्ड तेथे आहे, ६४२ साली रणात पडलेला संत राजा. एडविन त्याच्याही आधीचा राजा. हिल्डा व्हिटबीची मठाध्यक्षा. कथबर्ट लिंडिसफार्नचे बिशप. आणि विल्फ्रिड तर राणीचे सल्लागारच. त्या एका ग्रंथातील ही सारी मंडळी आमच्या पाखाडीत राहतात, सकाळची गाडी पकडतात आणि रविवारी मिस्साला येतात. २००६ ते २०२५ या काळात तर त्यांतल्या एका नावाचे, कार्डिनल ऑसवल्ड ग्रेशस, मुंबईचे आर्चबिशप होते. साहेबाची म्हणून घेतलेली ही नावे साहेबाने प्रॉटेस्टंट होण्यापूर्वीच्या कॅथलिक संतांची निघाली. ज्यांनी ती ठेवली त्यांना ते ठाऊक नव्हते. ज्यांनी ती नाकारली त्यांनाही नव्हते.

हे सारे टिपून घेऊन आम्ही एका संध्याकाळी आजींच्या घरी गेलो. ओटीवर बसून त्यांनी सगळी हकीकत ऐकली. मध्ये बोलल्या नाहीत. माळांचा भाग आला तेव्हा त्यांचा हात आपल्या गळ्यातल्या सोन्याच्या क्रुसाकडे गेला. टॉड्रीचा अर्थ सांगावा की न सांगावा असा आम्हांला संकोच होता, सांगितला. त्यांनी हसून हात झटकला. "जत्रेतला माल हलका असला तर ती काय करणार?"

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "फादर, तिच्या नवऱ्याचे पुढे काय झाले?"

आम्ही सांगितले की त्याने दुसरे लग्न केले, आणि ६८५च्या मे महिन्यात उत्तरेकडील पिक्ट लोकांशी लढताना तो सैन्यासह मारला गेला. चाळीस वर्षांचा होता.

"बिचारा," आजी म्हणाल्या. त्यांचे यजमान जाऊन एकोणीस वर्षे झाली आहेत.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा झाला. आजींच्या सांगण्यावरून वहीत एकच नाव लिहिले: ऑड्री. शेजारच्या रकान्यात, नियमात नसतानाही, आम्ही पेन्सिलीने २३ जून ही तारीख टिपून ठेवली आहे, म्हणजे पुढच्या धर्मगुरूंना कोश शोधावा लागणार नाही. १९४१च्या नोंदीसमोरही तीच.